शेजाऱ्याची हजेरी

१

“स्वतःची हजेरी कोणीही देतो,” ड्रायव्हर म्हणाला. “पण जो मागे राहिला तो काय तिथून ओरडून सांगणार आहे, की मी नाही म्हणून? माझ्या गाडीत शेजाऱ्याने शेजाऱ्याची हजेरी द्यायची. मी ‘शेजारी?’ म्हणेन, तुम्ही बाजूला बघायचं आणि ‘आहे’ म्हणायचं. बघून म्हणायचं. कळलं?”

पाठीवर घराएवढ्या सॅक घेतलेल्या पोरांनी गुमान माना डोलावल्या. रांगेच्या शेपटाला काकू उभ्या होत्या. त्यांनाच तेवढं हसू येत होतं, कारण हेच भाषण त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत, सहलवाल्यांच्या याच वसतिगृहाच्या दारात, याच तोंडून ऐकलं होतं. तेव्हा त्या तोंडावरच्या मिशा काळ्या होत्या. स्वभाव मात्र जसाच्या तसा, लोणच्यासारखा मुरलेला. दार आपटलं की ओरडणार, सीटवर पाय ठेवला की ओरडणार, कोणी गाणं म्हटलं तर गाडीच थांबवणार. त्या वेळी त्यांच्या नवऱ्याने त्याचं नाव जमदग्नी ठेवलं होतं आणि दिवसभर दोघं त्या नावावर खिदळत होती.

नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या काकू निवृत्त झाल्या होत्या, आणि घरात भिंतींशिवाय बोलायला कोणी नव्हतं. मुलगी म्हणाली, “आई, कुठेतरी जाऊन ये ना.” काकूंनी शोधून शोधून ही सहल काढली. मुलगी पोट धरून हसली. “त्या सॅकवाल्या पोराटोरांच्या गाडीत? एका दिवसात कंबर मोडेल तुझी!” मग हसायचं थांबवून म्हणाली, “बाबांबरोबर गेली होतीस तीच ना? जा. संध्याकाळी मी येते स्टँडवर घ्यायला.”

ड्रायव्हर सगळ्यांच्या जोड्या लावत होता. एकटा आलेला एकट्याशेजारी. दोन पोरी, एक उन्हाळी टोपीतली आणि एक आखूड केसांची, काकूंच्या पलीकडच्या सीटवर बसल्या. शेवटी काकू उरल्या.

“तुम्ही माझ्या मागे बसा,” ड्रायव्हर त्यांच्याकडे न बघता म्हणाला. “शेजारी पिशवी ठेवा. जागा मोकळी सोडायची नाही. मी तुम्हाला विचारणार नाही, तुम्हीही काही बोलायचं नाही.”

“तोंडाला कुलूप लावू का?”

“लावलंत तर बरंच.”

काकूंना राग यायच्या ऐवजी बरं वाटलं. जगात सगळं बदललं तरी एक माणूस अजून तसाच खडूस होता.

२

पहिला थांबा कड्यावरचा. त्या वेळी होता तो दगडी कठडा अजून होता, आणि खाली दरीत धुकं चहाच्या वाफेसारखं हळूहळू वर येत होतं. याच कठड्यावर नवरा बसला होता, पाय दरीकडे सोडून, आणि त्या मागून त्याचा शर्ट मुठीत धरून उभ्या होत्या. “पडलो तर शर्ट राहील तुझ्या हातात,” तो म्हणाला होता. त्याचं नाव त्यांनी लांब्या ठेवलं होतं, कारण दारातून जाताना तो कायम वाकायचा. तो त्यांना चष्मेवाली म्हणायचा. लोकांसमोर ‘अहो’, एकांतात ‘लांब्या’. काकू कठड्याला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि डोळे पुसून परत आल्या.

पाण्याची बाटली काढायला त्यांनी पिशवी बरोबर नेली होती. आता ती त्यांच्या मांडीवर होती.

“शेजारी?” ड्रायव्हरने मागच्या रांगेपासून सुरुवात केली.

“आहे.” “आहे.” “आहे.”

आवाज एकेक रांग करत पुढे येत होता. त्याला एक ताल होता, आणि त्या तालात काकू तरुण होत्या, बाजूला कोणीतरी संत्रं सोलत होतं. टोपीवाली “आहे” म्हणाली, आखूड केसांची “आहे” म्हणाली, आणि जिभेला हाड नसतं म्हणतात तसं काकूंच्या तोंडून निघून गेलं, “आहे.”

ड्रायव्हरने चालू केलेलं इंजिन बंद केलं.

“काय म्हणालात?”

“चुकून हो. सवयीने.”

“परत घ्या. नाही म्हणा.”

“अहो, एवढं काय त्यात!”

“बाई, नाही म्हणा म्हणतो ना!”

सगळी गाडी बघायला लागली. पोरांच्या देखत, शाळेतल्या मुलीसारखं! माझा नवरासुद्धा कधी माझ्याशी असं बोलला नाही, काकूंच्या मनात आलं, आणि मग त्यांचा हट्ट पेटला. “नाही म्हणत, जा!” त्या म्हणाल्या. “काय करायचं ते करा.”

ड्रायव्हर आरशातून बघत राहिला. त्यांच्याकडे नाही, त्यांच्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे. मग त्याने किल्ली फिरवली.

“आता मला दर वेळी विचारावं लागेल,” तो म्हणाला.

३

घाट उतरताना काकूंना दाढीच्या साबणाचा वास आला. ड्रायव्हर दाढी करून आला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग बाजूच्या खिडकीच्या काचेवर टकटक ऐकू आली, अंगठीने ठेका धरल्यासारखी. काच सैल असेल. जुनी गाडी, चारही अंगांनी खुळखुळणारच. काकूंनी जन्मभर लोकांना हेच समजावलं होतं की डोळा फसवतो, कान फसवतो, मेंदू मागाहून गोष्ट जुळवतो. समोर कावीळ झाल्यासारखं सगळं पिवळं दिसतंय म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी त्याच्या चष्म्याची काच पुसून दिली होती. त्यांना कोण फसवणार?

तरी त्यांनी पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली नाही. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसरा थांबा जुन्या पुलाचा. पूल चढाचा, गुडघे कुरकुरत होते, म्हणून काकू खालीच सावलीत बसल्या. पोरं वर जाऊन आली. टोपीवाली धापा टाकत त्यांच्याजवळ टेकली.

“काकू, तुमचा मुलगा काय मस्त आहे हो!”

“माझा मुलगा?”

“तो उंच. आमचा दोघींचा फोटो काढला त्याने. मी म्हटलं, आईला का नाही आणलं वर? तर म्हणाला, पुढच्या वर्षी आणतो.”

“अगं, मला मुलगा नाही. माझ्याबरोबर कोणीच नाही आलेलं.”

टोपीवालीला वाटलं काकू थट्टा करतायत. तिने फोन पुढे केला. दोघी मैत्रिणी पुलावर, दात दाखवत. ऊन बरोबर डोक्यावरचं, दोघींच्या सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. आणि फोटोच्या खालच्या कडेतून, काढणाऱ्याची सावली आत आली होती. ती लांब होती, संध्याकाळी पडते तशी. एक कोपर वर, दुसरं अंगाला चिकटलेलं. कॅमेरा हलू नये म्हणून लांब्या कोपर असंच धरायचा.

काकूंनी फोन परत दिला. देण्याआधी त्या सावलीवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

गाडीत चढल्यावर त्यांनी एक गोष्ट करून बघितली. चष्मा काढला. बिनचष्म्याचं जग त्यांना नेहमी दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. त्या दुधात, बाजूच्या सीटवर, कोणीतरी बसलं होतं. निळा शर्ट. डोकं छताला लागू नये म्हणून जरा वाकलेलं. चष्मा लावला, तर रिकामी सीट, रेक्झिनला पडलेली चीर. काढला, तर तो.

“शेजारी?” ड्रायव्हरने मागून सुरुवात केली. आवाज पुढे पुढे आला. शेवटी तो थांबला आणि आरशात बघून, आवाज खाली आणून, त्याने विचारलं, “ताई, शेजारी?”

काकूंनी चष्मा मांडीवर ठेवला होता.

“आहे,” त्या म्हणाल्या. या वेळी चुकून नाही.

४

जेवायला गाडी रस्त्याकडेच्या खाणावळीशी थांबली. सगळे नजरेसमोरच जेवत, म्हणून इथे हजेरी नसायची. ड्रायव्हर गाडीच्या दारात उभ्यानेच खात होता. काकू त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या बाजूला, जिथे आणखी एक सीट असायला हवी, तिथे पत्र्यात फक्त बोल्टांची भोकं होती.

“इथली सीट कुठे गेली?”

“उपटून टाकली.”

“का?”

“बायको बसायची.” त्याने घास गिळला. “गेली होती ती. पुष्कळ वर्षं झाली. एक दिवस मीच मागून हजेरी घेत घेत पुढे आलो आणि माझ्या शेजारचीपण दिली. सवयीने. तुमच्यासारखी.”

“मग?”

“मग दिवसभर होती. फार बरं वाटलं हो. पहिल्यांदा चूक असते, ताई. दुसऱ्यांदा हौस. तिसऱ्यांदा म्हणालो, मग परत विचारायची वेळच आली नाही.”

“म्हणजे? आता कुठे आहे ती?”

त्याने हात धुतले, रुमालाला पुसले, आणि काकूंकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. खडूस माणसाच्या डोळ्यांत असं काही बघायची काकूंना सवय नव्हती.

“ती घरी असते,” तो म्हणाला. “मी काय म्हणतो ते ऐका. माझ्या घरात एका कोपऱ्यात लहान पोरांच्या चपला आहेत. एक लाल जोड, एक निळा. मी रोज बघतो. आम्हाला पोरं होती की नव्हती, एवढं मला कोणीतरी सांगायला हवं. तिला विचारलं तर ती म्हणते, कोणाच्या चपला?”

काकूंची नजर पत्र्यातल्या भोकांवर गेली.

“तळ्यावर नाही म्हणा. मी हात जोडतो. शिव्या घाला मला हव्या तर, पण नाही म्हणा.”

५

काकूंना त्याचं म्हणणं कळलं नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. तळ्याकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडांचा होता, ऊन-सावली अंगावरून सरकत होती, आणि त्यांच्या मांडीवरच्या रुमालात कोणीतरी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक ठेवला होता. अख्खा, न मोडलेला. त्या पहिल्या सहलीच्या दिवशी पैशांची ओढाताण होती, दोघांत एकच अंडं होतं; त्याने पांढरं खाल्लं आणि बलक त्यांना दिला. मग जन्मभर, पैसे आल्यावरही, तसंच.

काकूंनी तो खाल्ला. विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. खाताना त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. चष्मा त्यांनी केव्हाच पिशवीत टाकला होता.

“लांब्या,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

“काय गं चष्मेवाली?”

तोच आवाज. नळ्या लावलेला, शेवटच्या दिवसांतला घोगरा आवाज नाही. खणखणीत, जरा आगाऊ.

“किती दिवसांनी आलास रे.”

“पुढच्या वर्षी परत येऊ. दर वर्षी येऊ.”

“आलो नाही ना पण. तू म्हणायचास, आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. घराचे हप्ते, तुझ्या आईचं आजारपण, छकुलीची शाळा...”

“कोणाची?”

“छकुलीची.”

“कोण छकुली?”

गाडी एका खड्ड्यातून गेली. काकूंना वाटलं त्याला ऐकू आलं नसेल. “अरे, तुझी मुलगी. असं काय करतोस? पावसात भिजत तू तिला दवाखान्यात नेलं होतंस. नाकावरून चष्मा घसरायचा म्हणून तू तिला घसरगुंडी म्हणायचास.”

“आपल्याला मुलगी कुठे आहे?” तो हसून म्हणाला. “कालच तर लग्न झालं आपलं.”

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. काकूंनी घाईघाईने छकुलीच्या चष्म्याचा नंबर आठवायला घेतला. घराचा पत्ता विसरतील, पण तो नंबर विसरणार नाहीत. तिचा पहिला चष्मा त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवला होता. उजवा मायनस सव्वादोन. डावा... डावा मायनस... उजवा सव्वादोन होता ना? तिला चष्मा होता ना?

काकूंनी पिशवीत हात घालून स्वतःचा चष्मा शोधला आणि लावला. बाजूला रिकामी सीट होती, रेक्झिनला चीर होती. त्या चिरेकडे बघत त्या तळं येईपर्यंत बसून राहिल्या.

६

तळ्यावर त्या खाली उतरल्याच नाहीत. पोरं काठाकडे धावली. त्यांच्यामागून कोणीतरी उतरल्यासारखी गाडी एका अंगाला कलली आणि सरळ झाली. ऊन उतरायला लागलं होतं. तिथून दगड पाण्यावर उड्या मारत गेल्याचा आवाज आला, आणि टोपीवालीचं ओरडणं, “वा! परत टाक, परत!” तो दगड टाकण्यात पटाईत होता. आणि वेळेवर परत येण्यात तितकाच कच्चा. त्या दिवशीही सगळी गाडी त्याच्यासाठी खोळंबली होती आणि ड्रायव्हरने त्याला चार शब्द सुनावले होते.

पोरं परतली. ओल्या बुटांचा वास गाडीत भरला.

“शेजारी?”

“आहे.” “आहे.” “आहे.”

“ताई,” ड्रायव्हर म्हणाला. त्याचे हात चाकावर घट्ट होते. “शेजारी?”

काठावर, झाडांच्या आड, कोणीतरी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतं. त्याला माहीत होतं की त्या त्याच्यासाठी थांबतील. त्या नेहमीच थांबायच्या.

“नाही,” काकू म्हणाल्या.

गाडी अशी सुटली की उभी असलेली दोन पोरं सीटवर आपटली.

“अहो काका! थांबवा! काकूंचा मुलगा राहिला!” टोपीवाली ओरडली. “तो बघा, पळत येतोय!”

सगळी गाडी मागे वळली. कोणी काचेवर थापा मारायला लागलं, कोणी शिट्टी घातली.

“हजेरी त्यांची आहे,” ड्रायव्हर म्हणाला. “त्या म्हणाल्या तर थांबेन.”

काकूंनी मागच्या काचेतून बघितलं. चष्मा डोळ्यांवर होता, तरी तो दिसत होता. एक हात वर करून, लांब लांब ढांगा टाकत, हसत, आयुष्यभर प्रत्येक गाडीमागे पळाला तसाच. थांब रे, येतोय की! पळ, लांब्या, पळ, त्यांच्या ओठांवर आलं, आणि त्यांनी ते ओठ दातांनी धरले. उतार लागला, गाडीने वेग घेतला. झाडं मागे पडली, दगड मागे पडले, एक मोटारसायकलवाला मागे पडला. तो मात्र तेवढ्याच अंतरावर राहिला. त्याचे पाय तसेच सावकाश पडत होते, आणि छाती धापा टाकत नव्हती.

काकू पुढे वळल्या. समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून त्यांनी डोळे मिटले. “उजवा मायनस सव्वादोन,” त्या पुटपुटल्या. “डावा... डावा मायनस पावणेदोन.” आला! आणि त्याच्यामागून नाक आलं, बसकं, फ्रेम न पेलणारं, आणि पोट धरून हसणारा चेहरा आला. काकू हुंदके देत तो नंबर जपासारखा म्हणायला लागल्या.

“काकू, काय हे! पोटचा पोरगा ना तुमचा?” टोपीवाली रडवेली झाली होती.

“मला मुलगी. एकच.”

“शाबास, ताई,” ड्रायव्हर म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो कधी कोणाशी बोलला नसेल. “बोलत राहा. मुख्य रस्ता लागेपर्यंत बोलत राहा.”

मागे पत्रा वाजला. टपावर चढायची शिडी खडखडली.

टोपीवालीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. ती एकदम टाळ्या पिटायला लागली. चांगल्या घरची, मायाळू पोर होती ती. कोणाचं कोणी रस्त्यात राहावं हे तिला बघवत नव्हतं. “पकडली! शिडी पकडली त्याने! काकू, रडू नका, आहे! आहे हो तो, आहे!”

आणि मागच्या पोरांनी तिची री ओढली. “आहे! आहे!”

ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला; तिसरी हजेरी पडली होती, मग ती कोणाच्याही तोंडची असो. त्याने ब्रेक लावला नाही, मागे बघितलं नाही. नुसता हात लांब करून आरसा छताकडे फिरवला.

गाडी मंदावली. दार उघडून मिटलं. बाजूची सीट हळूहळू खाली दबली आणि दाढीच्या साबणाचा वास आला. खरं सांगायचं तर काकूंना आधी आनंद झाला. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांच्या खांद्याला खांदा लागला होता, आणि वर्षभर घरात साठलेली सगळी शांतता त्या एका क्षणात उतरून गेली. तरुणपणी उन्हातून घरी आल्यावर वाटायचं तसं त्यांना वाटलं. कोणीतरी संत्रं सोलत होतं.

पिशवीत फोन वाजायला लागला. काकूंनी तो काढून बघितला. पडद्यावर ‘छकुली’ असं नाव होतं आणि एका हसऱ्या मुलीचा फोटो होता.

“कोण गं?” शेजारून त्याने विचारलं.

“कोण जाणे. चुकून लागला असेल कोणाचा,” काकू म्हणाल्या, आणि वाजून वाजून थांबेपर्यंत फोन हातात धरून त्या मुलीच्या चष्म्याकडे बघत राहिल्या. फ्रेम चांगली होती, पण नाकावरून घसरत होती. हिला कोणीतरी जवळ बसवून ती नीट करून द्यायला हवी, असं त्यांना वाटलं.